रंग सोडा, पापण्या बघा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा: चार महिन्यांपूर्वी ओळखीचं एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि जाताना त्यांची पाळीव पाल, काचेच्या पेटीसकट, या ताईंच्या बारा वर्षांच्या मुलाला देऊन गेलं. ‘लेपर्ड गेको आहे,’ एवढंच सांगितलं. मुलानं नाव ठेवलं बत्तासा, कारण तो अंगभर पांढुरका आहे. अंगावर एकही ठिपका नाही, डोळे काळेभोर, शेपूट आखूड आणि गुळगुळीत. पुस्तकातल्या लेपर्ड गेकोच्या पिवळ्या अंगावर मात्र काळे ठिपके असतात. तेव्हापासून ज्याला विचारावं तो वेगळं नाव सांगतो. मुलाचा मित्र म्हणाला, हा आफ्रिकेतला फॅट-टेल्ड गेको. एका दुकानदारानं क्रेस्टेड गेको ठरवून फळांची पावडर दिली, बत्तासा तिला तोंड लावत नाही. कुणी अल्बिनो म्हणतं, कुणी संकर. नवऱ्याचं म्हणणं, दुर्मीळ असेल तर किंमत चांगली येईल, विकून टाकू. कोल्हापूरच्या सासूबाईंना घरात पाल पाळणंच पटलेलं नाही आणि असला रंग म्हणजे काहीतरी रोग असणार असं त्या म्हणतात. गेल्या आठवड्यात बत्तासा एकाएकी कागदासारखा पांढराफटक पडला, तेव्हा ताईंनाही ते खरं वाटू लागलं. त्या विचारतात: हा नक्की कोण? आम्हाला फसवलं का? आणि जातच कळत नसेल, तर त्याला ठेवावं की कुणा जाणकाराकडे देऊन टाकावं?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. ‘(मुलगा म्हणतो, तो आमच्याकडे बघून डोळे मिचकावतो, पण ते असो.)’ ते असो म्हणून सोडू नका. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कंसात आहे, आणि ते तुमच्या मुलानं शोधलं आहे.

आपल्या घरातली भिंतीवरची पाल आठवा. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे दबा धरून बसलेली, पोटातली दोन पांढरी अंडी कातडीतून दिसणारी. तिला कधी डोळे मिटताना पाहिलंय? नाही पाहिलं, कारण तिला मिटायला पापण्याच नाहीत. तिच्या डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला घट्ट बसलेला असतो. धूळ बसली की ती जीभ बाहेर काढून तो चाटून घेते. जगात पालींच्या दीड हजाराहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्यांचं असंच असतं. डोळे मिटणाऱ्या, हलत्या पापण्यांच्या पाली एका छोट्या कुळातल्या, पन्नासच्या आतबाहेर. लेपर्ड गेको त्या कुळातला आहे. आफ्रिकेतला फॅट-टेल्ड गेकोही त्यातलाच.

क्रेस्टेड गेको मात्र त्यातला नाही. तो न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. नामशेष झाला असं समजलं जात होतं, १९९४ साली पुन्हा सापडला आणि नंतर घरोघरच्या काचपेट्यांत पोचला. त्याच्या डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखी काटेरी झालर असते, पण तिच्याखाली पापणी नसते. तो सरळ उभ्या काचेवर चढतो. तुम्ही लिहिलंय की बत्तासा काचेला नाक लावून उभा राहतो, पण इंचभरही वर चढत नाही, नुसता पाय घासतो. काचेवर चढणाऱ्या पालींच्या बोटांखाली पट्ट्यापट्ट्यांच्या गाद्या असतात आणि त्यावर डोळ्याला न दिसणारे लाखो बारीक केस, त्यांच्या जोरावर त्या चिकटतात. लेपर्ड गेकोच्या बोटांना फक्त नख्या. तो खडकाळ, कोरड्या जमिनीवर चालणारा प्राणी आहे.

म्हणजे डोळे मिटतो आणि काच चढत नाही, एवढ्या दोन गोष्टींवर क्रेस्टेड बाद झाला. फळांची पावडर दिली तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली, असं तुम्ही लिहिता. ती अगदी योग्य वेळी चुकचुकली. क्रेस्टेड गेको फळं खातो, लेपर्ड गेको निव्वळ किडे खातो. तुमच्या बत्ताशानं पावडरीला तोंड लावलं नाही यात त्याचा हट्ट नव्हता. ती पावडर आजच बाजूला ठेवा.

आता रंगाबद्दल, कारण तुमची सगळी घालमेल त्याच्यापायी आहे.

मी सत्तावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात स्पिरिटच्या बरण्या होत्या. त्यातली एक पाल कधीकाळी पिवळीजर्द होती म्हणे, दुसरी हिरवट. मी पाहिल्या तेव्हा दोघीही एकाच रंगाच्या झाल्या होत्या, जुन्या मेणबत्तीसारख्या. मुलं दरवर्षी विचारायची, ‘सर, मग ओळखायच्या कशा?’ मी त्यांच्या हातात भिंग द्यायचो आणि बोटं बघायला सांगायचो. पाली ओळखणारी माणसं असंच काम करतात. २०१४ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातपुड्यातून लेपर्ड गेकोची एक नवीच प्रजाती जगापुढे आणली, तेव्हा त्यांनाही खवल्यांच्या ओळी आणि गुदद्वाराजवळची रंध्रं असल्या बारीकसारीक गोष्टी मोजाव्या लागल्या. रंग बघितला जातो, नाही असं नाही, पण नुसत्या रंगावर नाव ठरत नाही. पाळीव प्राण्यात तर मुळीच नाही.

तुम्ही धरून चालला आहात की वेगळा रंग म्हणजे वेगळी जात. रानातल्या प्राण्याबाबत ही शंका काही वेळा योग्य असते. माणसानं पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेल्या प्राण्याबाबत ती साफ चुकते. पांढरी कोंबडी आणि काळी कोंबडी आपण दोन जाती मानत नाही. लेपर्ड गेकोचं तसंच झालं आहे. या प्राण्याला १८५४ साली एडवर्ड ब्लाइथ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं शास्त्रीय नाव दिलं, पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतला नमुना पाहून. आज तो भाग पाकिस्तानात आहे. मूळ प्राणी पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा. पुढे अमेरिकेत आणि युरोपात त्याची पैदास सुरू झाली आणि अधूनमधून जन्मणारी वेगळ्या रंगाची पिल्लं वेगळी काढून त्यांचे वंश चालवले गेले. अशा प्रत्येक रंगप्रकाराला पाळणारे लोक ‘मॉर्फ’ म्हणतात. नावं ऐकून प्रजातीचीच वाटतात, पण आत प्राणी तोच.

ठिपक्यांचंही जन्मभर एकच राहत नाही. अंड्यातून निघालेल्या साध्या लेपर्ड गेकोला ठिपके नसतातच, गडद आणि पिवळे रुंद पट्टे असतात. वाढता वाढता ते पट्टे फुटतात आणि त्यांचे ठिपके होतात. त्यामुळे एकाच घरातल्या पिल्लाचा आणि मोठ्याचा फोटो शेजारी ठेवला तर माहीत नसलेला माणूस दोन वेगळे प्राणी म्हणेल.

आता तुम्ही पाठवलेले तीन फोटो. पहिले दोन लाल दिव्याखालचे आहेत, त्यात बत्तासा चक्क गुलाबी दिसतो. ते मी बाजूला ठेवले. तिसरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी, तुमच्या मुलाच्या तळहातावर काढलेला. त्यात बरंच काही आहे. पाठभर खसखशीच्या दाण्यांसारखे उंचवटे आहेत. बोटं लांबट, सडपातळ. फॅट-टेल्ड गेकोची बोटं याहून आखूड आणि जाडसर असतात, डोकं रुंद. रंग दुधात थोडी राख मिसळावी तसा, आणि डोळ्यांच्या वर किंचित जांभळट झाक. पट्टा नाही, ठिपका नाही. मी त्याला लेपर्ड गेकोच म्हणेन, आणि मॉर्फ बहुधा ब्लिझर्ड. ब्लिझर्डची पिल्लं जन्मतःच कोरी असतात, पट्ट्यांशिवाय. ‘मर्फी पॅटर्नलेस’ नावाचा दुसरा एक कोरा प्रकार आहे, पण त्याच्या पिल्लांच्या अंगावर डाग असतात आणि मोठं होताना ते पुसले जातात. म्हणून माझ्या ‘बहुधा’ची खात्री करायची असेल तर त्या कुटुंबाला एक निरोप पाठवा: याचा लहानपणीचा फोटो आहे का?

अल्बिनो तो नक्की नाही, आणि हे तुम्ही स्वतः सांगू शकता. अल्बिनो म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य नाही. बत्ताशाचे डोळे शाईसारखे काळे आहेत. ज्याच्याकडे काळा रंगच नाही, त्याचे डोळे काळे कसे असतील? अल्बिनो लेपर्ड गेकोचे डोळे रुपेरी-गुलाबी किंवा लालसर असतात, आणि अंगावर बहुतेकदा फिके तपकिरी-पिवळे डागही असतात. पांढरा म्हणजे अल्बिनो, हे समीकरण दोन्ही बाजूंनी चुकतं.

राहिलं शेपूट. मला वाटतं तुमच्या मुलाच्या मित्राची गफलत इथे झाली. लेपर्ड गेकोचं मूळ शेपूट वळ्यावळ्यांचं असतं, प्रत्येक वळ्यावर दाण्यांची रांग. बत्ताशाचं शेपूट आखूड, मऊसर गोल आणि गुळगुळीत आहे, एखाद्या छोट्या सलगमासारखं. त्याला वळी नाहीत कारण ते त्याचं पहिलं शेपूट नाही. कधीतरी, तुमच्याकडे येण्याआधी, तो घाबरला असेल किंवा कुणी शेपटाला धरलं असेल, आणि त्यानं ते टाकून दिलं. आपल्याकडे दाराच्या फटीत सापडलेली पाल टाकते तसंच. नंतर जे उगवतं त्यात मणके नसतात, कूर्चेची एक कांडी असते, आणि वरचे खवलेही पहिल्यासारखे येत नाहीत. ‘जाड शेपटाचा गेको’ असं नाव ऐकलेल्या बारा वर्षांच्या मुलानं हे शेपूट बघून तसं म्हणावं, यात नवल नाही. त्या मित्राला खोटं पाडू नका. दोन्ही मुलांना शेजारी बसवून बोटं आणि पाठ बघायला सांगा.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: फसवलं का? ताई, त्या लोकांनी लेपर्ड गेको सांगितला आणि लेपर्ड गेको दिला. मॉर्फचं नाव सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही माहीत नसेल. शेपटाची गोष्ट मात्र सांगायला हवी होती. घर बदलण्याच्या धावपळीत राहून गेली असेल. आणखी एक गोष्ट मला पत्रात दिसली. मुलाला कुणीतरी ‘तुझा नकली आहे’ असं म्हटलं, तेव्हापासून तो बत्ताशाला मित्रांना दाखवत नाही. माझ्या मते ‘हा कोण?’ या प्रश्नाची निकड तिथून आली आहे. त्याला नाव हवंय ते चारचौघांत सांगायला. त्याला सांगा की डोळे मिचकावण्याची खूण त्यानं हेरली, आणि दुकानदाराला जे दिसलं नाही ते त्याला दिसलं. हे मी त्याला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, घडलंच तसं आहे.

सासूबाईंची काळजी मात्र मी गांभीर्यानं घेतो. पाळीव सरपटणाऱ्या प्राण्याचा रंग बदलला की ‘आजारी आहे का’ हा प्रश्न पहिला यायलाच हवा. गेल्या आठवड्यातला पांढराफटक रंग म्हणजे बहुतेक कात. कात टाकायच्या आधी एकदोन दिवस त्याच्या अंगावर जणू ट्रेसिंग पेपर पसरतो. मग तो तोंडानं ती ओढून काढतो आणि तिथल्या तिथे खाऊन टाकतो. सापाची कात बांधावर सापडते, याची सापडत नाही, त्यामुळे सकाळी उठून बघावं तर पुन्हा जुना रंग, आणि मधे काय झालं ते घरातल्या कुणालाच कळलेलं नसतं. तुमच्याकडे असंच झालेलं दिसतं. फक्त आज रात्री भिंग घेऊन त्याची बोटं तपासा. बोटाभोवती कातेची अंगठी अडकून राहिली तर रक्तपुरवठा तुटतो आणि बोटाचं टोक गळून पडतं. अडकलेली दिसली तर कोमट, उथळ पाण्यात दहा मिनिटं उभा करा आणि कानाच्या काडीनं हलकेच सरकवा. ओढू नका.

काळजी करण्यासारखी लक्षणं वेगळी असतात. शेपूट बारीक होत चाललं (चरबी तिथे साठते, म्हणून ते त्याचं पोत्यातलं धान्य समजा), डोळे खोल गेले, पंधरा दिवस खाणं नाही, पातळ शी, चालताना अंग जमिनीला टेकतं, जबडा मऊ वाटतो. यातलं काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला ती असतेच असं नाही, म्हणून फोनवर आधी विचारून घ्या. जाताना ताजी शी एका डबीत न्या, तपासणीत तिचा फार उपयोग होतो.

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे. दुर्मीळ म्हणजे मोलाचा, हे गणित आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि त्यानं प्राण्यांचं फार नुकसान केलंय. मांडूळ आठवा. गरीब, बिनविषारी साप. शेपूट बोथट असल्यामुळे त्याला दुतोंड्या म्हटलं गेलं, कुणीतरी गुप्तधनाची अफवा जोडली, आणि आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत लाखांच्या बोलीवर त्याची तस्करी करणारे पकडले जाऊ लागले. रंगीत लेपर्ड गेकोचा बाजार तितका काळा नाही, पण तिथेही वेगळेपणाच्या हव्यासाची किंमत प्राण्यानं मोजलेली आहे. ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा एक देखणा, लिंबासारखा पिवळा मॉर्फ निघाला, लोकांनी हौसेनं वाढवला. पुढे दिसलं की त्या रंगाबरोबर त्वचेत गाठी येतात. २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी त्याचं मूळ एका जनुकाशी जोडून दाखवलं, आणि हा रंग घेऊन जन्मलेल्यांपैकी बहुतेकांना अशा गाठी होतात. ‘एनिग्मा’ नावाच्या मॉर्फमध्ये प्राणी स्वतःभोवती गोल फिरत राहतो, मान वाकडी होते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. रंग सुंदर, जिणं कठीण.

बत्ताशाच्या बाबतीत असलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ब्लिझर्डशी असा दोष जोडलेला मला माहीत नाही. पण ब्लिझर्ड बाजारात नवाही नाही. मालकाचा कागद नाही, वय माहीत नाही, शेपूट दुसरं. विकून हाती फारसं काही लागणार नाही, हे त्यांना सरळ सांगा. आणि ‘जोडी आणून पिल्लं काढू’ हा विचार कुणाच्या डोक्यात आला तर तिथेच थांबवा. ज्याचा वंश माहीत नाही त्याची पैदास करू नये. अल्बिनोचंच उदाहरण घ्या. त्याचे ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल असे तीन वेगळे वंश आहेत, दिसायला जवळजवळ सारखे. दोन वेगळ्या वंशांतले अल्बिनो एकत्र आणले तर पिल्लं साध्या रंगाची निघतात, आणि पोटात दोन्ही दोष लपवून पुढे विकली जातात. पुढचा घेणारा मग तुमच्यासारखंच पत्र लिहितो. शिवाय लेपर्ड गेको एकटा सुखात राहतो, त्याला सोबत लागत नाही. दोन नर एका पेटीत ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात.

मग ठेवायचा की द्यायचा? तुमच्या प्रश्नाची मांडणी ‘जात कळली तर ठरवू’ अशी आहे. मला ती उलटी वाटते. जातीचं जेवढं कळायला हवं होतं तेवढं आता कळलं: तो कोरड्या प्रदेशातला, किडे खाणारा, जमिनीवरचा लेपर्ड गेको आहे. त्यावरून खाणं, ऊब आणि ओलावा ठरतो. फॅट-टेल्ड असता तर जास्त ओलसर हवा लागली असती, क्रेस्टेड असता तर उंच पेटी आणि फळं. तिथे नावानं फरक पडतो. मॉर्फचं नाव ब्लिझर्ड की आणखी काही, यानं त्याच्या ताटात किंवा पेटीत काहीच बदलत नाही. ठेवायचं की नाही हे दुसऱ्याच प्रश्नावर ठरवा: हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो. तुमचा मुलगा अठराव्या वर्षी शिकायला बाहेर गेला तर त्याला कोण बघणार? त्याचं उत्तर ‘मी’ किंवा ‘आम्ही’ असेल तर ठेवा. तुम्ही लिहिलंय की रात्री सगळे झोपल्यावर तुम्हीच एकदा जाऊन पेटीत डोकावता. मला वाटतं उत्तर तुमच्याजवळ आहे.

उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा सांभाळ करणारी केंद्रं आणि अनुभवी पाळणारे तुमच्या देशात आहेत, त्यांच्याकडे द्या, जाहिरात देऊन अनोळखी माणसाला नको. बागेत सोडणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. इंग्लंडच्या थंडीत तो मरेल, आणि परक्या देशातला प्राणी उघड्यावर सोडणं हा तिथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. २००६च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार तो तुमच्या घरात आहे तोवर त्याची नीट निगा राखणं ही तुमची जबाबदारीसुद्धा आहे. आज ना उद्या देणार असाल तरी मधल्या दिवसांत त्याला ऊब हवी.

ठेवणार असाल तर या आठवड्यात एवढं करा. लाल दिवा काढून टाका. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसरं टोक गार. उबदार बाजूच्या दगडावर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, गार बाजूला २४-२५. हे हात लावून ठरवू नका, वायरचा डिजिटल थर्मामीटर आणा आणि हीटरला थर्मोस्टॅट लावा, नाहीतर पोट भाजतं. लपायला तीन जागा: एक उबेत, एक गारव्यात, आणि एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओला किचन पेपर. कात टाकायला तो त्या डब्यात जाऊन बसेल. खायला रातकिडे, छोटे टोळ, अधूनमधून मीलवर्मच्या अळ्या. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. देण्याआधी किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवा, भजी पिठात घोळवतो तशी. पाण्याची वाटी रोज बदला. त्याला हात लावल्यावर सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. विष म्हणाल तर ते त्याच्यात अजिबात नाही, सासूबाईंना हे निःशंक सांगा. आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, वेगळ्या डब्यात ठेवून, त्याचं वजन करून वहीत लिहा. हे काम मुलाचं. मोठा लेपर्ड गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅम भरतो. तब्येत बिघडायला लागली तर रंगाच्या आधी ती वही सांगेल.

असं पत्र लिहावंसं वाटणाऱ्या इतर वाचकांसाठी एक विनंती. पाल ओळखायला फोटो पाठवाल तेव्हा दिवसाच्या उजेडात काढा, रंगीत दिव्याखाली नको. डोकं एका बाजूनं, डोळा स्पष्ट. पाठ वरून. पारदर्शक डब्यात ठेवून खालून बोटांचे तळवे आणि पोट. शेजारी पट्टी किंवा एखादं नाणं. शेपटाला धरू नका. आणि सोबत लिहा: डोळे मिटते का, काच चढते का, मूळ कुठून आली.

ही शेवटची गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांनी तर जरूर लिहावी. लेपर्ड गेकोचे रानटी भाऊबंद आपल्या मातीतही आहेत. वर सांगितलेला सातपुड्यातला एक, आणि पश्चिम भारतातला दुसरा, महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर रात्री फिरणारा. पावसाळ्यात एखाद्या शेतघराच्या ओट्यावर रुंद पट्ट्यांचं, मान वर करून डोळे मिचकावणारं पिल्लू दिसलं तर ते कुणाचं सुटलेलं पाळीव जनावर नाही. त्याला मारू नका, पेटीतही ठेवू नका. तो रानातला जीव आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, किंवा वाट मोकळी करून द्या, तो आपला आपण जाईल. आणि कुणी ‘लोकल लेपर्ड गेको, स्वस्तात’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. तो रानातून उचललेला असणार.

ताई, सासूबाईंचं एवढंच राहिलं. त्यांना पुढच्या व्हिडिओ कॉलवर बत्तासा दाखवा, पण दुपारी झोपेतून उठवून नको. हा प्राणी पहाटे आणि दिवेलागणीला जागा असतो. तुमच्याकडे पहाटेचे सहा वाजतात तेव्हा कोल्हापुरात साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, त्यांची पूजा आटोपलेली असेल. मुलाला सांगा, फोन काचेजवळ धर आणि दोन मिनिटं हलू नकोस. आजीनं आयुष्यभर घरात पाली पाहिल्या आहेत. डोळे मिटणारी एकही पाहिलेली नाही.